सात नंबरच्या तळ्यातलं बिऱ्हाड

ओत्सोने पाण्याच्या नमुन्याची बाटली टेबलावर आणून ठेवली तेव्हा रौना कॉफीत चीजचा तुकडा बुडवत बसली होती. हे काम ती कुणासाठीही अर्धवट सोडत नसे.

"सात नंबरच्या तळ्यात नाकाडी सापडली," तो म्हणाला.

"किती?"

"चार."

"चार म्हणजे वस्तीच झाली की. बरं, मग?"

"मग काय? तुझी जाळी धुतलेली नव्हती."

रौनाने तुकडा चावून गिळला आणि कप खाली ठेवला. फिनलंडच्या पार उत्तरेला, झाडं संपतात तिथून वर, या संशोधन केंद्राची अकरा तळी पसरलेली आहेत. केंद्रात प्राध्यापिकेपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे एकमेकांशी एकेरीतच बोलतात. अठ्ठावीस वर्षांच्या पोराने सत्तावन्न वर्षांच्या बाईला अगंतुगं केलं तर तिथे कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. पण जाळी धुतली नाही, हे म्हणणं मात्र कुठल्याही शिवीच्या वर जातं.

"पुन्हा बोल," रौना म्हणाली.

"राग धरू नकोस. सोमवारी तू खालच्या मोठ्या सरोवरात जाळी टाकलीस. मंगळवारी सात नंबरला. खाली नाकाडी ढिगाने आहे. मध्ये जाळी नीट धुतली गेली नसेल. होतं असं कधीकधी."

"तुझ्याकडून होत असेल."

रौना रेनडिअर राखणाऱ्या सामी घरातली. कॉलेजची पायरी ती कधी चढली नाही. सव्वीस वर्षांपूर्वी केंद्राने तिला होडी वल्हवायला ठेवलं, आणि दोनच वर्षांत ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाण्यातले बारीक जीव अशी मोजायला लागली की शिकलेल्यांनी आपले आकडे तिच्याकडून तपासून घ्यावेत. त्या जिवांची लॅटिन नावं तिला पाठ होती, पण तिने त्यांना स्वतःची नावं ठेवली होती आणि सगळं केंद्र आता तीच वापरत असे. काळी म्हणजे मोठी, काजळासारखी पाणपिसू. डोंगरावरच्या उघड्या उन्हाने बाकीचे भाजून निघतात, हिला काही होत नाही. तांबडा म्हणजे लाल अंगाचा उडीमार, महा-अधाशी, आपल्यापेक्षा लहान दिसेल त्याला खाणारा. आणि नाकाडी म्हणजे काचेसारखी आरपार, मोहरीहून बारीक, समोर लांबलचक वाकडं नाक घेऊन हिंडणारी.

आता यांचा हिशोब असा, की मोठ्या सरोवरात मासे असतात. काळी आणि तांबडा त्यांना लांबून दिसतात, म्हणून ते खाल्ले जातात, आणि जिला कुणी बघू शकत नाही ती नाकाडी तिथे सुखाने राहते. वरच्या तळ्यांत मासा नाही. तिथे काळी आणि तांबड्याचं राज्य, आणि तांबडा असेल तिथे नाकाडीची पैदास उरत नाही. निदान पुस्तकात तरी असंच लिहिलेलं होतं, आणि ओत्सोचा प्रबंध त्याच पुस्तकावर उभा होता.

"मी जाळी उकळत्या पाण्यातून काढते," रौना म्हणाली. "मग दोन तास सौनाच्या तापलेल्या खोलीत टांगते. नव्वद अंशाला. माणूस तिथे वीस मिनिटांत बाहेर पळतो, अंडंसुद्धा जिवंत राहत नाही. एक तळं, एक सौना. सव्वीस वर्षं."

"नियमावलीत सौना कुठेच नाही."

"नियमावली लिहिणारा हेलसिंकीत बसतो. त्याला काय माहीत सौना कशाला तापवतात!"

ओत्सोला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. पोरगा वाईट नव्हता. नुसती त्याला स्वतःबद्दल फार खात्री होती, आणि अशा माणसाशी रौनाचं जमायला वेळ लागे, कारण ती स्वतः त्याच जातीची.

"हे बघ," तो जरा नरमाईने म्हणाला, "पुढच्या गुरुवारी हेल्का येतेय. जाळी मिसळली असेल, इकडचे जीव तिकडे गेले असतील, तर मला तसं लिहावंच लागेल. आणि एकदा मिसळली तर आधी किती वेळा मिसळली, हे कोण सांगणार? तुझे सगळेच आकडे बाजूला काढावे लागतील. अकराही तळ्यांचे."

म्हणजे सव्वीस उन्हाळे. डास खात, बर्फात पाय बुडवत, पाठीवर होडी घेऊन चढलेले. हेल्का केंद्राची प्रमुख, ती रडूबाई नव्हती आणि कुणाचे लाडही करत नसे. तिने मान हलवली की सगळे तक्ते तळघरातल्या खोक्यात जाणार होते. रौनाने कप धुतला, उपडा ठेवला आणि म्हणाली, "उद्या सकाळी वर जाऊ. जाळी तू घे. नवी कोरी, पाकीट न फोडलेली. मी हातसुद्धा लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. ऑगस्ट असला तरी उतारांच्या खोबणीत अजून मळका बर्फ होता आणि बुटक्या भूर्जांची पानं कडेने पिवळी पडायला लागली होती. रौना पुढे, पाठीवर गुंडाळलेली रबरी होडी. ओत्सो मागे, छातीशी जाळीचं पाकीट धरून.

"अगं, जरा सावकाश!"

"तुझ्या प्रबंधाला घाई आहे ना?"

सात नंबरचं तळं म्हणजे दगडांच्या कुशीतलं काळसर पाणी, एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावर ऐकू जावी एवढं. खोली तीन मीटर. ओत्सोने पाकीट फोडलं, होडीतून मधोमध गेला आणि नियमाप्रमाणे जाळी सोडली: तळापासून मीटरभर वर थांबवायची, म्हणजे चिखल येत नाही, आणि सरळ वर ओढायची. तीन वेळा ओढली. काठावर येऊन भिंगाखाली बघितलं. काळी होती, तांबडा होता.

"नाकाडी नाही," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, हे रौनाला आवडलं.

"वरचे दोन मजले झाले. तळमजल्यावर कोण राहतं ते बघितलंस?"

"तळाशी नुसतं शेवाळ आहे."

"तेच म्हणतेय मी. गेल्या रविवारी वारा कसा होता आठवतंय? केंद्राच्या शौचालयाचं दार उडालं होतं. तीन मीटरचं पाणी त्या वाऱ्याने तळापर्यंत ढवळलं असणार. त्यात चौघी वर आल्या आणि मंगळवारी माझ्या जाळीत सापडल्या. एरवी आपण जाळी जिथे थांबवतो, त्याच्याखाली कुणी बघितलंच नाही. मीही नाही. ती चूक मात्र माझी."

तिने पिशवीतून नवी रबरी नळी आणि हातपंप काढला, नळीच्या टोकाला दगड बांधून ते ओत्सोकडे दिलं. तो पुन्हा होडीत गेला. दगड शेवाळात टेकल्यावर त्याने पंप मारायला सुरुवात केली. वर आलेलं पाणी बारीक कापडातून गाळून त्याने काठावर आणलं आणि भिंगावर वाकला. त्याचे ओठ नुसते हलत राहिले.

"नाकं मोजतोयस का?" रौनाने विचारलं.

"तीसच्या वर आहेत. पोटात अंडी असलेल्यासुद्धा."

"तांबडा?"

"एकही नाही."

"तो दाट शेवाळात शिरत नाही. उडी मारायला त्याला मोकळं पाणी लागतं. काळीला ऊन चालतं म्हणून ती वर. तांबडा मधे. ही खाली, अंधारात, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. तिघांचं एक तळं, पण चुली वेगळ्या."

ओत्सो दगडावर बसला. त्याच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या गाळलेल्या पाण्यात पोहत होतं. पण डोकं त्याचं चालूच होतं.

"ती इथे राहते, हे मान्य. पण आली कधी? दहा वर्षांपूर्वी तुझ्याच जाळीतून आली असेल, आणि मग इथे रुजली असेल. तेव्हा तर तू तुझी जाळी मिसळलीच ना?"

रौनाला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की प्रश्न बरोबर आहे, आणि ती आणखीच चिडली.

"चिखलाला विचार," ती म्हणाली. "नाकाडी मेली की तिचं कवच कुजत नाही. खाली साचत जातं. पाइप घाल, गाळ काढ, चकत्या पाड. या तळ्यात एक सेंटीमीटर चिखल साचायला पंचवीस वर्षं लागतात, हे तुमच्याच लोकांनी कधीच मोजून ठेवलंय. माझी सव्वीस वर्षं म्हणजे वरचा एक सेंटीमीटर. त्याच्याखाली कवचं सापडली तर माझी जाळी सुटली. नाही सापडली तर तक्ते मी स्वतः तळघरात नेऊन ठेवीन."

"आणि मोजणार कोण?"

"तू. मी मोजायच्या खोलीत पाऊलही टाकणार नाही."

त्याने गाळ काढला, केंद्रात आणला, अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या पाडल्या आणि दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. रौनाने त्या दोन दिवसांत होडीला ठिगळ लावलं, मासे खारवले, सरपण फोडलं. फोडायला लाकूड उरलं नाही तेव्हा शेजारच्याचं फोडून दिलं. आपलं बरोबर आहे यात तिला शंका नव्हती. पण चिखल तिचा नातेवाईक नव्हता.

शनिवारी दुपारी ओत्सो आला. डोळे लाल, केस उभे.

"पहिल्या चकतीत आहेत. दुसरीत आहेत. तिसरीत आहेत. चौथीत तीन." त्याने श्वास घेतला. "पाचवीत शून्य. त्याच्याखाली सगळीकडे शून्य. म्हणजे पन्नासएक वर्षांपूर्वी आली. तू केंद्रात यायच्या कितीतरी आधी. रौना, मी चुकलो. तुझ्या जाळीचं नाव घ्यायला नको होतं."

"बस," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे वाळवलेलं रेनडिअरचं मटण ठेवलं. तिच्या मनावरचा एवढा भार उतरला की तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

"आता ती आली कशी, एवढंच राहिलं," ओत्सो चावत चावत म्हणाला. "बदक लिहितो. बदकाच्या पायाला अंडी चिकटतात. सगळेच बदक लिहितात."

पन्नासएक वर्षांपूर्वी. रौना मनातल्या मनात मागे गेली, आणि तिचे कान तापले.

एकोणीसशे पंच्याहत्तर. ती आठ वर्षांची. तेव्हा प्रत्येक घराचं डोंगरावर एखादं तळं असे. शरदात रेनडिअर गोळा करायला माणसं वर राहत, त्यांच्या पोटासाठी खालच्या सरोवरातले जिवंत मासे नेऊन त्या तळ्यात सोडायची पद्धत होती. तिच्या बापाने, नीलासने, सात नंबरचं तळं निवडलं. दुधाच्या मोठ्या किटलीत सरोवराचं पाणी भरलं, नऊ मासे घेतले आणि चढला. रौना मागून चालत होती. थांबलं की झाकण उघडून हाताने पाणी हलवायचं, माशांचा जीव गुदमरू नये म्हणून, हे काम तिचं. वर पोचल्यावर बापाने किटली तळ्यात उपडी केली आणि म्हणाला, "आपलं फडताळ भरलं, पोरी."

त्या हिवाळ्यात बर्फ खूप खोल गेला, पाण्यातली हवा संपली. वसंतात नऊच्या नऊ मासे पोट वर करून काठाला लागले. बाकीच्यांनी खोल तळी निवडली होती. मग नीलासला गावात नाव पडलं, बर्फाला मासे चारणारा. वीस वर्षं ते चाललं. लग्नात, दफनाला, दुकानात रांगेत. शेवटी तो दुकानातही जाईना.

आणि एकोणीसशे अठ्ठ्याण्णवमध्ये तरुण हेल्का वही घेऊन त्यांच्या घरी आली होती. सात नंबरच्या तळ्यात कधी कुणी मासे सोडले होते का? बाप शेगडीपाशी बसला होता. रौनाने सांगितलं, कधीच नाही. बापाने मान वर न करता आणखी एक ओंडका आत सरकवला. त्या एका शब्दावर सात नंबर 'माणसाने न शिवलेलं तळं' ठरलं, आणि दर उन्हाळ्याच्या तक्त्यावर रौनाने स्वतःच्या हाताने तसं लिहिलं. मासे मेले तेव्हा प्रश्नच मिटला, असं तिला वाटत आलं होतं. जाळीचा दोरासुद्धा उकळणारी ती बाई, पण माशांबरोबर किटलीभर पाणीही वर गेलं होतं, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आणि ते पाणी तिनेच हाताने ढवळत वर नेलं होतं.

ओत्सो गेल्यावर ती सिग्गाआत्याकडे गेली. आत्या नीलासची बहीण, त्र्याऐंशी वर्षांची, दिवसभर जाळी विणत बसायची आणि तेवढ्याच धाग्यात गावालाही गुंडाळायची. रौनाने तिला सगळं सांगितलं.

"मग बदक लिहू दे की," आत्या म्हणाली. "बदकाचं काय जातंय?"

"बदकाने नाही आणलं ना पण."

"तू जिंकलीस. तुझी जाळी स्वच्छ ठरली. आता मेलेल्या माणसाला उकरून त्याचं हसं करणार? माझ्या भावाने कमी ऐकलंय का? इतकी वर्षं झाली त्याला जाऊन, आत्ता कुठे लोक विसरलेत."

"विसरले नाहीत. परवा दुकानात यऊनी म्हणाला, 'नीलासची पोर ना तू, काय, बर्फ जेवला का?' दात काढत होता."

"यऊनी गाढव आहे. त्याचा बापही होता."

"आत्या, गेले चार दिवस मी त्या पोराशी भांडले. माझे तक्ते खरे आहेत म्हणून. आणि पहिल्याच तक्त्यावर मी खोटं लिहिलंय. आता गप्प बसले तर त्याचं म्हणणं बरोबर ठरतं, जाळीबद्दल नाही तरी माझ्याबद्दल."

"बापासाठी बोललीस ते. त्याला खोटं म्हणत नाहीत."

"त्याच्यासाठीच बोलले, आणि तेव्हा पुन्हा तेच बोलले असते. पण आपण सगळे गप्प बसलो म्हणून त्याच्या नावावर फक्त ते हसणं उरलंय. दुसरं काहीच नाही उरलं गं."

आत्याने जाळीची गाठ मारली, ओढून बघितली, आणि रौनापुढची चीजची बशी उचलून फडताळात ठेवून दिली. तिचं मत बदललं नव्हतं. रौनाचंही.

गुरुवारी हेल्का आली. पांढऱ्या केसांची, उंच, बूट न काढता थेट टेबलापाशी. ओत्सोने चकत्यांचे आकडे मांडले, जाळीबद्दल आपण चुकलो होतो हे स्वतःहून सांगितलं आणि बदकापाशी आला. तिथे रौनाने त्याला थांबवलं.

"बदक नाही. माझा बाप," ती म्हणाली, आणि किटलीपासून मेलेल्या नऊ माशांपर्यंत सगळं सरळ सांगून टाकलं. सांगताना तिचा आवाज कुठेच अडखळला नाही.

हेल्काने चष्मा काढला.

"मी तुला विचारलं होतं, रौना. तुमच्या घरात बसून."

"विचारलं होतंस. आणि मी खोटं बोलले. तो शेगडीपाशी बसला होता."

"आठवतोय मला. त्याने मला कॉफी ओतून दिली होती." हेल्काने चष्मा पुसला. "सात नंबर आता 'न शिवलेलं' राहत नाही."

"नाही राहत."

"सव्वीस तक्ते दुरुस्त करायचे. प्रत्येकावर तुझी सही, आज तारीख काय ती घालून. बाकीचे आकडे जसेच्या तसे राहतील. पण हे मी हसण्यावारी नेणार नाही, हेही ऐकून ठेव."

"नेऊ नकोस. आण तक्ते इकडे."

हेल्का कपाटातून तक्त्यांचा गठ्ठा घेऊन आली. रौनाने पेन उघडलं आणि 'माणसाने न शिवलेलं' या शब्दांवर पहिली रेघ मारली. ती रेघ मारताना तिला लाज वाटली, खरी, अंगभर. दुसऱ्या तक्त्याला जरा कमी वाटली.

ओत्सो मात्र खुर्चीत बसेना. "पण तारीख मिळाली ना! हे तिघं एका तळ्यात किती वर्षं टिकतात, हे कुणाला कधी सांगताच येत नाही, कारण सुरुवात कुणालाच माहीत नसते. इथे साल माहीत आहे! एकोणपन्नास वर्षं! मी नवं प्रकरण लिहितो. 'एका स्थानिक रहिवाशाने—'"

"नाव नाही का त्याला?"

"आहे, पण... तुझ्या घरच्यांना चालेल?"

"आत्याचं मी बघते. लिही, नीलास. मासे घेऊन चढला, पंच्याहत्तर साली. त्याच्या किटलीतून आलेली नाकाडी काळी आणि तांबड्याच्या घरात आजपर्यंत नांदतेय."

ओत्सोची बोटं कळफलकावर धावली आणि थांबली.

"आणि मासे मेले, ते? तेही लिहू?"

"तेच आधी लिही," रौना म्हणाली आणि तिने पुढचा तक्ता ओढला.